लक्ष्मीचा रुपया आणि अक्काचा ताईत

माझे वडील खानापुरात सराफी करत. सराफी म्हणजे गाद्यागिरद्यांची पेढी नव्हे. बाजाराच्या टोकाला एक ओटा, त्यावर घोंगडी, पुढ्यात तराजू आणि नाणं वाजवून बघायला एक काळा गुळगुळीत दगड, एवढाच पसारा. पण नाणं ओळखण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि ते खरंही होतं. बाजारात कुणी घेईना असं नाणं फिरत फिरत शेवटी आमच्या ओट्यावर यायचं. वडील ते उन्हात धरायचे, कडेनं फिरवायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. एक तर "जन्माचं", नाही तर "मागाहूनचं".

जन्माचं म्हणजे टांकसाळीतूनच तसं निघालेलं. मागाहूनचं म्हणजे बाहेर पडल्यावर कुणी ठोकलेलं, कापलेलं, कानशीनं घासलेलं. जन्माच्या नाण्यांचा त्यांना भारी लळा. त्यांच्या डब्यात एक राणीछाप रुपया होता, त्याच्या एका अंगाला राणीचं डोकं नेहमीसारखं वर उठलेलं आणि दुसऱ्या अंगाला तेच डोकं उलटं, आत खोल गेलेलं. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा बसला, असं ते समजावून सांगत. एकदा एक गृहस्थ लांबट चपटा झालेला पैसा घेऊन आले आणि ही टांकसाळीची चूक आहे, तेव्हा हिचं मोल जास्त असणार, म्हणून हटून बसले. वडिलांनी पैसा बघितला आणि म्हणाले, टांकसाळीचं नाव कशाला घेता, ही करामत लोंढ्याच्या आगगाडीची आहे, आणि रुळावर पैसा ठेवणारं पोर बहुतेक तुमच्याच घरातलं असेल. गृहस्थ रागावून गेले. घरी त्यांनी पोराला चोपलं असं नंतर कळलं.

मला वडिलांनी हे सगळं शिकवलं ते कौतुकानं, पुढं उपयोगी पडेल म्हणून नव्हे. मुलीच्या जातीला नाण्याची पारख काय करायची आहे, असं आई म्हणे. आईचं बरोबर ठरलं. त्या पारखीचा उपयोग करायची वेळ आयुष्यात एकदाच आली आणि तेव्हा नाणं माझ्या हातात कोणी दिलं नाही.

लग्न होऊन मी जोयड्याकडे आले. खानापूरची पोर रानात दिली म्हणून आमच्या आळीत बायका हळहळल्या होत्या, आणि पहिलं वर्षभर मीही हळहळत होते. घर शेतकऱ्याचं. खाली भाताची खाचरं, वर जंगल, आणि पाऊस लागला की चूल पेटवताना डोळ्यांतून धारा. सासरे म्हणजे मामंजी, सासू म्हणजे आत्याबाई, थोरले दीर, त्यांची बायको, माझा नवरा आणि मी. थोरल्या जावेला मी अक्का म्हणे. ती गुंद गावची. पायाला चिकटलेली जळू ओढायची नाही, तंबाखूचं पाणी सोडायचं, हे मला तिनं शिकवलं. माझं रडं तिनं कधी सासूच्या कानावर जाऊ दिलं नाही. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पोटी मूल नव्हतं. माझं पहिलं मूल माहेरी झालं, ते घेऊन मी आले तेव्हा ते दिवसभर तिच्याच कडेवर असायचं. आत्याबाईंना ते रुचत नसे. त्या मूल तिच्या कडेवरून उतरवून घेत.

आमच्या देव्हाऱ्यात एक रुपया होता. कॅसलरॉककडे रूळ पडत होते तेव्हा मामंजींनी बैलगाडीनं लाकडं वाहिली आणि मेहनतीचा म्हणून जो पहिला रुपया हातावर पडला तो खर्चायचा नाही म्हणून देवाजवळ ठेवला. तीच घराची लक्ष्मी. रोज तिला हळदकुंकू, सणाला दूध. देव आत्याबाई स्वतः घासत, पण रुपया कधी घासत नसत, नुसता पाण्यातून काढत. घासला तर लक्ष्मी जाते असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मात्र ते आम्हां दोघींना कधी सांगितलं नाही, कारण देव घासायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलंच नव्हतं. वर्षानुवर्षं हळदकुंकवाचा थर चढून तो रुपया जाड, लालसर आणि गोल गरगरीत दिसे. राणीचं तोंड कुणालाच आठवत नव्हतं.

माझं दुसरं बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली. सोयर फिटलं त्या दिवशी घर सारवायचं, देव घासायचे, मग पूजा सुरू करायची अशी रीत. आत्याबाईंच्या हातावर आदल्याच दिवशी बाळाच्या न्हाणीचं कढत पाणी सांडलं होतं. म्हणून त्यांनी अक्काला सांगितलं, देव तेवढे घासून घे.

अक्कानं घासले. ती कामाला हात घाली तेव्हा ते अर्धवट सोडत नसे. चिंच आणि राख घेऊन तिनं समई, घंटा, टाक सगळं लखलखीत केलं आणि त्याच हातानं रुपयाही केला. थर निघाला, राणी दिसू लागली आणि काठाशी एक खाच दिसली. कुणीतरी दातांनी चावा घ्यावा तशी कमानदार खाच, करंगळीचं टोक बसेल एवढी. वडिलांच्या भाषेत चावरा रुपया.

तिनं तो लपवला नाही. ओल्या तळव्यावर घेऊन ती सरळ आत्याबाईंपुढे गेली आणि हा काठ पहिल्यापासून असाच आहे का, म्हणून विचारलं. मी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीपाशी होते, दार उघडं होतं, मला दोघी दिसत होत्या. आत्याबाईंनी रुपया बघितला. मग त्यांची नजर अक्काच्या दंडावर गेली.

त्या दंडावर एक ताईत होता. महिनाभरापूर्वी अक्का माहेरी जाऊन आली तेव्हा गुंदच्या एका भगतानं तिला बांधला होता. तांब्याची बोटभर नळी, दोन्ही तोंडं लाखेनं बंद केलेली. मूल व्हावं म्हणून. आणि आमच्याकडे बायकांत एक समज होता, तो मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. ज्या घरात पाळणा हलतो त्या घरच्या लक्ष्मीचा तुकडा ताईतात घालून बांधला की त्या घरची पोरं खेचून आपल्या ओटीत येतात. म्हणजे माझ्या मुलीवर करणी केली, असा त्याचा अर्थ.

आत्याबाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं असतं. त्यांनी मामंजींना बोलावलं, दोघा मुलांना बोलावलं, आणि रुपया पाटावर ठेवून शांतपणे सगळं सांगितलं. अक्का त्यांच्यासमोर राखेचे हात घेऊन उभी होती.

मला आजही आठवलं की जीव तुटतो. मला माहीत होतं काय बघायचं ते. वडिलांनी दहादा दाखवलं होतं. टांकसाळीत चांदीच्या पत्र्यातून गोल चकत्या पाडतात. पत्रा पुढे पुरता सरकला नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर पडते आणि चावलेली निघते. तिच्यावर ठसा मारला की चाव्याच्या बरोबर समोरचा काठ नीट उठत नाही, तिथं दाब पोचत नाही. चाव्याजवळची अक्षरं बारीक होत, ताणल्यासारखी चाव्याकडे धावतात. मागाहून कापलेल्या रुपयाचं तसं नसतं. अक्षर कचकन तुटतं, कापलेल्या जागी छिन्नीची धार लागते आणि समोरचा काठ मात्र ठणठणीत राहतो. आणि सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे मळ. खाच जुनी असेल तर तिच्यात जुना मळ बसलेला असतो, नवी असेल तर नसतो.

मी खोलीतून म्हटलं, रुपया मला एकदा दाखवा. आत्याबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या हातात देवाची वस्तू कशी द्यायची, सव्वा महिना होऊ दे. रीत होती, त्यांनी बनवलेली नव्हती. मग मी नवऱ्याला दारातून सांगू लागले, समोरचा काठ बघा, अक्षरं बघा. त्यानं रुपया दिव्याजवळ नेला, इकडे तिकडे फिरवला. काठ बारीक दिसतोय खरा, म्हणाला, पण घासून झिजला असेल. इंग्रजी अक्षरं ताणलेली आहेत की कशी, हे त्याला काय कळणार. मी विचारलं, खाचेत मळ होता का?

उत्तर अक्कानं दिलं. "व्हता की. घट्ट बसला व्हता. म्या काडीनं कोरून काढला."

खरं बोलली. पण तो मळ न्हाणीच्या पाण्याबरोबर माडाच्या बुडाशी वाहून गेला होता आणि त्याला साक्षी कोणी नव्हतं. उलट, एवढं कोरून कशाला काढलं, असंच सगळ्यांच्या मनात आलं. तिचं निर्दोषपण दाखवणारी एकच गोष्ट होती, ती तिनं माझ्या मुलीचं सोयर फिटल्याच्या पूजेसाठी स्वतःच्या हातानं घासून टाकली. मला देवाचा राग आला तो त्या दिवशी, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मामंजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, आणला तेव्हा काठ कसा होता ते मला आठवत नाही, पण रुपया खंडित झाला, तो पूजेत चालायचा नाही, काळी नदीत सोडून येतो. तुझ्या मनात काही नसेल तर ताईत उघडून दाखव आणि विषय संपव.

अक्कानं दुसऱ्या हातानं ताईत झाकून घेतला. भगतानं सांगितलं होतं, ओटी भरेपर्यंत लाख फुटता कामा नये.

"उघडला तर माझं पोर गेलं," ती म्हणाली. "मी न्हाई उघडायची."

एवढ्यावर सगळं संपलं. निकाल लागला. मी ओरडून सांगत राहिले की चाव्यात गेलेली चांदी आज-काल कापलेली नाही, ती या घरात कधी आलीच नव्हती. आत्याबाईंनी खोलीचं दार ओढून घेतलं, ओल्या बाळंतिणीनं एवढं बोलू नये म्हणून. थोरले दीर खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी ते कुळगीच्या रानात लाकूडतोडीला गेले आणि पाऊस लागेपर्यंत परत आले नाहीत. बायकोची बाजू घ्यायची नसली की पुरुषांना रानात नेहमीच काम निघतं.

मामंजी नदीवर जाऊन आंघोळ करून आले. सोडला, एवढंच म्हणाले.

पंचमीला अक्काचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली. सण झाला, गणपती आले, दसरा आला, पण तिला आणायला आमच्याकडून कुणी गेलं नाही. मी नवऱ्याच्या मागे लागले, तो आत्याबाईंकडे बघे. पुढं थोरल्या दिरांचं दुसरं लग्न झालं. नवी जाऊ चांगली होती, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. तिला लागोपाठ मुलं झाली आणि आत्याबाई म्हणाल्या, बघा, पीडा गेली. ज्या मुलीवर करणी झाली म्हणे, ती माझी मुलगी तर दगडासारखी धडधाकट वाढली, तिला साधा गोवरही आला नाही. हे मी आत्याबाईंना एकदा सुनावलं. त्या म्हणाल्या, वेळीच उपाय केला म्हणून.

सासू-सासरे होते तोवर आमच्या घरात गुंदचं नाव काढायची सोय नव्हती. आधी आत्याबाई गेल्या. काही वर्षांनी मामंजीही गेले. त्यांचे दिवस झाल्यावर त्यांची पानाची चंची मी धुवायला घेतली. चुन्याच्या डबीमागच्या कप्प्यात काहीतरी टणक लागलं. फडक्यात गुंडाळलेला रुपया.

त्यांनी तो काळीत सोडलाच नव्हता. सोडवला नसणार. पहिल्या मेहनतीचा रुपया, हात उघडला नसेल. खोटं बोलले, आणि इतकी वर्षं पान खाताना रोज त्याला बोट लावत राहिले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

मी अंगणात उन्हात गेले. इतक्या वर्षांनी तो माझ्या हातात होता आणि आता मला विटाळ नव्हता. चाव्याची गोलाई रुपयाच्याच गोलाईची. बरोबर समोरचा काठ बसका, दाते पुसट. दोन अक्षरं वितळल्यासारखी बारीक होऊन चाव्याकडे गेलेली. वडील असते तर त्यांनी नीट बघितलाही नसता, नुसतं म्हणाले असते, जन्माचं. मी तिथंच तुळशीपाशी बसून रडले. नवरा आला तेव्हा त्याला सगळं दाखवलं. या वेळी त्याला कळलं, कारण या वेळी मी बोट ठेवून दाखवत होते.

मी म्हटलं, गाडी जुंपा. जोयड्याहून गुंद म्हणजे त्या वाटेनं बैलगाडीचा अख्खा दिवस, पण तो एका शब्दानं नको म्हणाला नाही.

अक्का भावाच्या घरी अंगणात आमसुलं उलटत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "पोर कशी हाय?" मुलीचं लग्न झालं, ती सुखात आहे, असं मी सांगितलं. बरं झालं, म्हणाली, आणि आत जाऊन गूळपाणी घेऊन आली.

मग मी रुपया काढला. एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवली, काठ, अक्षरं, गोलाई. हा असाच जन्मला, कुणी कापला नाही, म्हणून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं, मध्ये मध्ये मान हलवली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मी त्या दोन्हींची तयारी करून गेले होते. तिनं रुपया परत माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुझ्याजवळ ठेव. नको, म्हणाली, तुमची लक्ष्मी आहे, माझ्या काय कामाची.

मग तिनं चोळीची बाही वर केली. दंडावर तोच ताईत होता. दोरा कितीदा तरी बदललेला, तांबं काळं पडलेलं, पण दोन्ही तोंडांची लाख जशीच्या तशी.

मला वाटलं, या वयात अजून मुलाची आशा धरून बसली आहे की काय. माझं तोंड बघून ती हसली.

"पोरासाठी न्हाई, बाय," ती म्हणाली. "ती आस कवाच सुटली. रुपया घासला ही माझी चूक झाली. मळ असता तर मळानं सांगितलं असतं. म्हणून ह्याची लाख फोडली न्हाई. मी एकलीनं उघडला असता तर कोण खरं मानलं असतं? म्हटलं, त्या घरचं कोण तरी येईल, उघड म्हणंल, तवा समोर उघडू."

मी तिचा हात धरला. नको उघडू, म्हटलं, माझी खात्री पहिल्यापासून आहे.

"तुझी असंल," ती म्हणाली. "पर तू त्या घरची हायस. आज आलीस तर बघून जा."

तिनं अडकित्त्यानं दोन्ही तोंडांची लाख फोडली. नळी माझ्या तळव्यावर उलटी केली आणि दोनदा ठोकली. मुळीचा एक वाळका तुकडा पडला, त्याच्यामागून चिमूटभर राख. आरपार उजेड दिसावा म्हणून तिनं नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"हाय का चांदी?"

"न्हाई, अक्का."

"मग त्यास्नी सांग जा."

त्यास्नी म्हणजे थोरल्या दिरांना. मामंजी-आत्याबाई गेल्याचं तिला माहीत होतं. मी घरी येऊन दिरांना सगळं सांगितलं, ताईताची लाख कशी शाबूत होती ते, राख कशी पडली ते. ते ओसरीवर बसून ऐकत होते. मग विचारलं, म्हणजे रुपया खंडित नाही ना? मी म्हटलं, नाही, तो जन्माचाच तसा आहे.

ते उठले, हातपाय धुतले, माझ्याकडून रुपया घेतला आणि देव्हाऱ्यात त्याच्या जुन्या जागी ठेवून त्याला कुंकू लावलं. रुपया तेव्हापासून पूजेत आहे. गुंदला गाडी काही त्यांनी जुंपली नाही.